आईचा गुडघा आणि पेशींचे निरोप

*ताई, मी सांगलीत राहते. बी. फार्म. करून औषधाच्या दुकानात नोकरी करते. आई ५७ वर्षांची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टात 'ग्रेड २-३' आणि आतल्या बाजूची गॅप कमी, असं आलं. डॉक्टर म्हणाले झीज आहे, वापर कमी करा. शेजारच्या काकू म्हणाल्या वंगण संपलं. तेव्हापासून आईनं सकाळचं फिरणं सोडलं, जिना टाळते, भजनी मंडळात जात नाही कारण तिथे मांडी घालून बसावं लागतं. वजन ७४ किलो, उंची पाच फूट एक इंच, बीपीची गोळी चालू आहे. आता आमच्या दुकानात एक कॅप्सूल आली आहे. माहितीपत्रकावर पेशीचं मोठं चित्र, त्यात बाणच बाण, एनएफ-कप्पा-बी, मॅप कायनेज, विंट, टीजीएफ-बीटा अशी नावं, आणि खाली : 'सिग्नल बंद, झीज बंद. ९० दिवसांत नवी कूर्चा.' तीन महिन्यांचे ५,४०० रुपये. हे पाथवे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पण ते खरंच माझ्या आईच्या गुडघ्यात चालतात का? कॅप्सूल देऊ का? आणि चालल्यानं गुडघा आणखी झिजेल का?*
*– एक लेक, सांगली*

प्रिय लेकी,

तीन प्रश्न विचारलेस, तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकते. पाथवे खरे आहेत. कॅप्सूल नको. आईला चालू दे.

आता सविस्तर, कारण तू औषधं शिकलेली मुलगी आहेस. ताईंनी सांगितलं एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये.

सुरुवात 'झीज' या शब्दापासून करू, कारण खरा घोळ त्यानं घातला आहे. मी तीस वर्षं मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर हा शब्द लिहून पुसला. झीज म्हटलं की डोळ्यांसमोर टायर येतो, चपलेची टाच येते, जात्याची पाळी येते. वापरलं की घासतं, म्हणून वापरायचं नाही. तुझ्या आईनं हेच गणित केलं. 'वंगण संपलं' हे त्याचंच भावंड. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, तेल घातलं की झालं. गुडघ्यात दाह असतो तेव्हा तर सांध्यातला द्रव बऱ्याचदा वाढतो, त्यालाच आपण 'पाणी झालं' म्हणतो. म्हणजे एकाच गुडघ्याबद्दल एक डॉक्टर पाणी काढतो आणि शेजारीण सांगते की वंगण आटलं! (द्रवाचा चिकटपणा कमी होतो हे खरं, तेवढ्यापुरती काकूंची बाजू घेते.)

तुमच्या घरी मटण होत असेल तर नळीच्या हाडाचं टोक आठव. त्यावर पांढरी-निळसर, काचेसारखी गुळगुळीत टोपी असते, नखानं दाबली तर किंचित दबते आणि परत येते. ती कूर्चा. आईच्या गुडघ्यात ती दोन-चार मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. शंभर भागांतले जेमतेम एक-दोन भाग पेशींचे, बाकी सगळं पाणी, कोलॅजनचे दोर आणि त्या दोरांत अडकलेलं ॲग्रिकॅन नावाचं पाणी धरून ठेवणारं प्रथिन. ॲग्रिकॅन फुगायला बघतं, कोलॅजन त्याला आवळून धरतं. या ओढाताणीतून कूर्चेला तिचा ताठपणा मिळतो. मोजक्या पेशी त्या पसाऱ्यात एकेकट्या बसलेल्या असतात, उसाच्या मोठ्या फडात एखादं खोपटं असावं तशा. रक्त येत नाही, म्हणून त्यांचं खाणंपिणं सांध्यातल्या द्रवातून झिरपत येतं. पाऊल पडलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सुटते, आणि त्या दाब-सोडीनं द्रव आतबाहेर होतो. चालणं बंद झालं की ही ये-जा मंदावते.

आता तुझा पहिला प्रश्न. त्या खोपट्यातल्या पेशीला बाहेरून निरोप येतात. निरोप आला की ती काहीतरी बनवते किंवा मोडते. तुझ्या पुस्तकातला 'सिग्नलिंग पाथवे' म्हणजे हा निरोप दारापासून केंद्रकापर्यंत पोचण्याची वाट. निरोगी गुडघ्यात थोडं मोडा, थोडं बांधा असे दोन्ही निरोप येतात आणि हिशेब जमतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आईच्या या दुखण्यात, मोडण्याचे निरोप थांबतच नाहीत.

सगळ्यांत मोठा बाण एनएफ-कप्पा-बीचा आहे, त्याच्यापाशी थांबू. १९८६ मध्ये अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना हे प्रथिन सापडलं, तेही गुडघ्यात नाही, प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींत. त्यातला 'कप्पा' कपाटाचा नव्हे, ग्रीक अक्षर. अँटीबॉडीच्या कप्पा साखळीच्या जनुकाशी ते चिकटतं म्हणून हे नाव. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना कपाटच आठवायचं, आणि खरं सांगू, त्यामुळे नाव लक्षात राहायचं.

एरवी हे एनएफ-कप्पा-बी पेशीत दावणीला बांधलेल्या बैलासारखं असतं. आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन हे त्याचं दावं. सांध्याच्या अस्तरातून, तिथल्या भक्षक पेशींकडून, इंटरल्यूकिन-१ किंवा टीएनएफ हे निरोपे येऊन पेशीच्या दारावर थाप देतात. आत आयकेके नावाचा कायनेज जागा होतो आणि दाव्यावर फॉस्फेटची खूण करतो. खूण झालेलं दावं पेशीच्या कचराकुट्टीत, म्हणजे प्रोटिअसोममध्ये, जातं. बैल सुटतो, केंद्रकात शिरतो आणि तिथली जनुकं चालू करतो : कोलॅजनचे दोर कापणारं एमएमपी-१३, ॲग्रिकॅन कातरणारं एडॅमटीएस-५, दुखण्याचं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-२, आणि आणखी निरोपे.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. बैल आत जाऊन जी जनुकं चालू करतो, त्यांत नवं दावं वळणारं जनुकही असतं. म्हणजे निसर्गानं सोय करून ठेवली आहे, थोडा वेळ मोकळा सोड आणि मग आपलं आपण बांधून घे. जखम झाली, सर्दी झाली, तर असंच होतं, दोन दिवसांत प्रकरण मिटतं. गुडघ्यात ते मिटत नाही, कारण कापलेल्या कूर्चेचे तुकडे स्वतःच निरोपे बनतात. फायब्रोनेक्टिनचे, हायल्युरोननचे तुकडे टीएलआर नावाच्या दारांवर जाऊन धडकतात. ही दारं मुळात जंतूंची चाहूल घेण्यासाठी असतात, पण घरातल्याच मोडक्या सामानाला ती चोर समजतात. दावं वळून होईपर्यंत पुन्हा थाप. तुझ्या माहितीपत्रकात बाण गोल फिरून परत आला असेल, तो हाच.

बाकीचे बाण थोडक्यात सांगते. मॅप कायनेज ही शेजारची वाट, तीही बरीचशी त्याच एमएमपी-१३पाशी निघते. विंटचं वागणं आमटीतल्या मिठासारखं आहे. उंदरांच्या कूर्चेत हा निरोप मुद्दाम वाढवला तरी ती बिघडली आणि पूर्ण दाबला तरी बिघडली. 'सिग्नल बंद' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं. टीजीएफ-बीटा त्याहून लबाड. पेशी तो एका दारानं, एएलके-५नं, आत घेते तेव्हा कूर्चा सांभाळली जाते. दुसऱ्या दारानं, एएलके-१नं, घेते तेव्हा पेशीला फुगून हाडाच्या वाटेला लागायचं वेड लागतं. वय वाढतं तसं पहिलं दार कमी होत जातं. आणि तोच टीजीएफ-बीटा कूर्चेखालच्या हाडात जास्त झाला तर तिथे वेगळं नुकसान करतो. एकच निरोप, घरातला कोण वाचतो त्यावर अर्थ.

तर हो, हे सगळं तुझ्या आईच्या गुडघ्यात, ती दुपारी आडवी झालेली असतानाही, चालू आहे. म्हणूनच मी 'झीज' पुसते. घासलेला टायर स्वतःला कुरतडत नाही.

आता कॅप्सूल. पत्रकावरचं चित्र खरं आणि खालचं वाक्य खोटं, ही विक्रीची जुनी रीत आहे. चित्र बघून माणूस मान डोलावतो आणि डोलावता डोलावता खालचंही वाक्य गिळतो.

'९० दिवसांत नवी कूर्चा' हे आधी घेऊ. १९५०-६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं, मग कमी होत गेलं. त्या काळात शरीरात जे जे बनलं त्यावर त्या वर्षाचा जणू शिक्का बसला. कोपनहेगनच्या संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतल्या कूर्चेचा हा शिक्का वाचला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. कूर्चेतलं कोलॅजन वाढत्या वयात बनतं ते बनतं, मोठेपणी त्याची अदलाबदल जवळजवळ होतच नाही, निरोगी गुडघ्यात नाही आणि आजारी गुडघ्यातही नाही. तुझी आई शाळेत फुगडी घालायची तेव्हा बनलेलं कोलॅजन आज तिच्या गुडघ्यात आहे. ते तीन महिन्यांत नव्यानं विणून देणारी कॅप्सूल कुणाकडे असती तर ती ५,४०० रुपयांना सांगलीच्या काउंटरवर मिळाली नसती.

'सिग्नल बंद, झीज बंद' हे त्यापेक्षा हुशार वाक्य आहे, कारण जगभरच्या शास्त्रज्ञांनाही अगदी हेच वाटत होतं. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एडॅमटीएस-५ नसलेले उंदीर तयार केले, आणि त्या उंदरांची कूर्चा खरोखर टिकली. आम्ही कॉलेजात ते छापलेला अंक हातोहात वाचला होता. आता औषध आलंच, असं वाटलं. औषध बनायला बराच काळ गेला. नऊशेहून अधिक रुग्णांना वर्षभर एडॅमटीएस-५ अडवणारी गोळी देऊन पाहिली, आणि २०२० मध्ये निकाल आला : कूर्चेच्या झिजण्यात फरक नाही, दुखण्यातही नाही. इंटरल्यूकिन-१ला थेट अडवणारी इंजेक्शनं गुडघ्याच्या रुग्णांना दिली, दुखणं म्हणावं तसं हललं नाही. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडमध्ये, क्रांती केली, पण ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये त्यांचा जोर चालला नाही. एक वाट अडवली तर पेशी शेजारच्या वाटेनं जाते, आणि रुग्ण दवाखान्यात येतो तोवर बिघाडाला दहा-पंधरा वर्षं होऊन गेलेली असतात.

एफजीएफ-१८ या 'बांधा' म्हणणाऱ्या निरोपाचं इंजेक्शनही झालं, नाव स्प्रिफर्मिन. त्यानं दोन वर्षांत कूर्चा वाढली, अगदी खरी, एमआरआयवर मोजलेली. किती? खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत ०.०५ मिलिमीटर. वहीच्या एका पानापेक्षा कमी. आणि दुखण्यात फरक पडला नाही.

टॅनेझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनची गोष्ट याच्या उलटी. कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, मग दुखतं काय? दुखतं अस्तर, कूर्चेखालचं हाड, आजूबाजूचे धागे. तिथल्या मज्जातंतूंना चेतवणारा एनजीएफ नावाचा निरोपा या इंजेक्शननं अडवला, आणि दुखणं खरंच कमी झालं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं खराब होऊ लागले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी काम थांबवलं. जे शेकडो कोटी रुपये ओतून आणि हजारो रुग्णांवर तपासून जमलं नाही, ते तुमच्या काउंटरवरच्या डबीत आहे असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

डबीवर घटक काय लिहिलेत ते तू पत्रात दिलं नाहीस, पण अंदाज करते : हळदीचा अर्क, काळी मिरी, ग्लुकोसामाइन, कोलॅजन. यांपैकी हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतलं तर एनएफ-कप्पा-बी खरंच दबतो. तेवढं वाक्य घेऊन ही पत्रकं छापली जातात. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन मात्र रक्तात फार थोडं पोचतं. छोट्या चाचण्यांत त्यानं दुखण्याला थोडा आराम दिल्याचं दिसलं आहे, ते मी नाकारत नाही. पण शोषण वाढवायला मिरीचा अर्क घालून मोठ्या मात्रेत दिलेल्या हळदीनं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. भाजीतली हळद बिनधास्त घाला. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची मोठी अमेरिकी चाचणी २००६ मध्ये झाली, सगळे रुग्ण मिळून पाहता ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

कॅप्सूल नाकारलीस की पुढची पायरी इंजेक्शनची येईल, म्हणून आत्ताच सांगते. स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन फार सुजलेल्या गुडघ्याला काही आठवड्यांचा आराम देतं. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलं तेव्हा (२०१७ मध्ये हा निकाल आला) कूर्चा खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक नव्हता. पीआरपी, म्हणजे स्वतःच्या रक्तातला अर्क, याचा बराच बोलबाला आहे. २०२१च्या एका चांगल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तेही वर्षभरानंतर खाऱ्या पाण्याच्या बरोबरीनंच निघालं.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा. चालल्यानं झिजेल का?

पेशीला निरोप फक्त रसायनांतून येत नाहीत, दाबातूनही येतात. तिच्या कातडीवर, म्हणजे पटलावर, दाब ओळखणारी दारं असतात. त्यांतली पिएझो नावाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. दुसरं टीआरपीव्ही-४. ढोबळ मानानं रोजचा, लयीतला, बेताचा दाब टीआरपीव्ही-४ वाचतं आणि पेशी बांधायच्या कामाला लागते. जबर, इजा करणारा दाब पिएझो वाचतात आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींना इंटरल्यूकिन-१ दिलं आणि त्याच वेळी हलका, लयीत ताण दिला, तर बैल केंद्रकात जायचा कमी झाला. ताण जबर केला तर काहीच न देताही तो सुटला. पत्रकावर जो बाण अडवायला ५,४०० रुपये मागितले आहेत, त्याला बेताच्या पावलांचा निरोप फुकट जाऊन भिडतो.

याची उलट बाजू पाहायची तर मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेल्या माणसांचे गुडघे पाहा. ज्यांच्यावर भारच पडत नाही त्यांची कूर्चा पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच पातळ होते. आणि हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस सुमारे साडेतीन टक्के आढळला, बैठ्या लोकांमध्ये दहा टक्के, असं २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं. (स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत तो तेरा टक्क्यांच्या वर होता. अति तिथे माती आहेच.) आईला कुणी पळायला सांगत नाही, पण 'वापर कमी करा' हा सल्ला उलटा बसतो, एवढं यातून कळतं. त्या डॉक्टरांना बहुधा म्हणायचं असेल की उकिडवं बसणं, जड उचलणं कमी करा. दवाखान्यात बाहेर चाळीस माणसं ताटकळत असली की वाक्यं अशी अर्धी राहतात.

वजनाबद्दल बोलायला मला नेहमी संकोच वाटतो, कारण आपल्याकडे बायकांना त्यावरून उठताबसता ऐकवतात. तरी सांगते. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. आईचं वजन पाच किलोंनी उतरलं तर पावलागणिक वीस किलो, आणि दिवसाची पावलं मोजायला तुझ्याकडे फोन आहे. पण गोष्ट फक्त ओझ्याची असती तर जाड माणसांचे हातांचे सांधे दुखले नसते. हातांवर कोण चालतं? तरी त्यांच्यात हातांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त दिसतो, कारण चरबी हीसुद्धा निरोप पाठवणारी ग्रंथी आहे, लेप्टिन आणि त्याचे सोबती रक्तातून थेट सांध्यात पोचतात. चरबीच नसलेल्या उंदरांना २०२१ मध्ये मुद्दाम तुपकट खाणं देऊन, गुडघ्याला इजा करून पाहिलं, त्यांचे सांधे बऱ्यापैकी शाबूत राहिले. माणसांचं म्हणशील तर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बायकांत दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्यांना पुढे दुखरा गुडघा होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. हा निकाल १९९२चा, म्हणजे बहुधा तुझ्या जन्माच्याही आधीचा. वजनाचं नवं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड, गुडघ्याच्या रुग्णांत दिल्यावर वजन आणि दुखणं दोन्ही उतरल्याचं २०२४ मध्ये छापून आलं. तुझ्या दुकानात त्याचीही विचारणा होत असेल. ते आईच्या डॉक्टरांशी बोलायचं काम आहे, काउंटरवरचं नाही.

मग आज घरी जाऊन काय करायचं?

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, म्हणजे सरकायची नाही. आईला पुढच्या कडेपाशी बसव. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, एक वीत अंतरानं. हात छातीवर घडी. पुढे वाकायचं, नाक बोटांच्या रेषेत आलं की उठायचं. बसताना धप्पकन नाही, खुर्ची अंड्यांनी भरली आहे असं समजून हळू. पहिल्या दिवशी जमेल तेवढं, हाताचा आधार लागला तर लागू दे. मग पलंगावर बसून एक पाय सरळ समोर, मांडी घट्ट, पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दोन्ही पाय आळीपाळीनं. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा धक्का खातो, आणि जिना टाळून टाळून तो नक्की सुकला असणार. मांडीभोवती टेप धरून दोन्ही पाय मापलेस तर उजवा बारीक निघेल, पैज लावते.

दुखेल. पहिले दोन आठवडे ती 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणेल. नियम असा सांग की करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते आधीच्या पातळीला यायला हवं. आलं नाही, तर करणं थांबवायचं नाही, संख्या घटवायची. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर पहिल्या चार-पाच वेळा त्यांच्या नजरेखाली कर.

फिरणं दहा मिनिटांपासून, सपाट रस्त्यावर, चांगल्या तळव्याचे बूट घालून. साडीवर बूट घालायला लाज वाटते म्हणेल. माझ्याही उजव्या गुडघ्यानं मला तीन वर्षांपूर्वी तेच शिकवलं आणि पहिले आठ दिवस मी पहाटे अंधारातच जात होते. जिन्याचं एक सूत्र आहे, आमच्या वॉर्डात ते बायकांना पाठ करायला लावायचो : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घेतलीच तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.

दुखणं जास्त असेल त्या दिवशी डायक्लोफिनॅकचा जेल लाव. तो अडवतो ते कॉक्स-२, म्हणजे सुटलेल्या बैलाच्या कामांपैकी एक काम. जेलचं औषध रक्तात फार थोडं जातं. त्याच औषधाच्या गोळ्या मात्र बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर येतात. तुझ्या हाताशी त्यांच्या पट्ट्या पडलेल्या असतील, तरी बीपीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईला देऊ नकोस.

गुडघा एकाएकी लाल-गरम झाला, ताप आला, पाय टेकवताच येईना, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, किंवा सकाळचा ताठरपणा तास-तास टिकू लागला, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे ने. तो मामला वेगळा असू शकतो. आणि 'ग्रेड २-३' या आकड्याची धास्ती घेऊ नका. ही प्रतवारी १९५७ची, एक्स-रेच्या सावलीवरून ठरवलेली. ग्रेड ३ असून रोज बाजारहाट करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ग्रेड १ला कण्हणारीही. पुढे कधी वाटी बदलायची वेळ आलीच तर ते ठरेल आईच्या दिवसावरून : झोप लागते का, घराबाहेर पडता येतं का.

राहिलं भजन. मंडळातल्या इतर बायकांचे गुडघे काही वेगळ्या मातीचे नाहीत. पुढच्या एकादशीला आईच्या आधी तू जा आणि देवळाच्या कोपऱ्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ये. दोनच, एक आईसाठी. दुसरी रिकामी राहणार नाही.

आणि आज रात्री फोनवर तीस सेकंद लावून आई खुर्चीवरून हात न लावता किती वेळा पूर्ण उठते ते मोज. चार असो, सहा असो, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेच्या चौकोनात पेनानं लिही. बारा आठवड्यांनी पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
ताई